पनीर लवकर चिकट होतंय? फेजची चाचणी या क्रमाने करा

"फेज फवारून पाहिले, काही फरक पडला नाही." अशी तक्रार आली की मी तीन प्रश्न विचारतो. पनीर नासवणारा जंतू कोणता, हे तपासलं होतं का? बाटलीत जिवंत फेज किती होते, हे त्या दिवशी मोजलं होतं का? आणि फवारा कधी मारला, दूध तापवण्याआधी की पनीर गार झाल्यावर? तिन्हींची धड उत्तरं मिळाली, असं क्वचितच होतं.

फेज म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू. प्रत्येक फेजचं भक्ष्य ठरलेलं असतं. कधी एखादी प्रजाती, बरेचदा त्या प्रजातीतलेही मोजकेच वाण. त्यामुळे क्लोरीन ओतावं तसे फेज ओतून चालत नाहीत. पुढचा क्रम पुणे परिसरातल्या छोट्या-मध्यम डेअरीसाठी लिहिला आहे: रोजचं शंभर-दोनशे किलो पनीर, स्वतःची छोटी क्वालिटी लॅब आणि गरजेला बाहेरच्या मायक्रोबायोलॉजी लॅबची मदत. लक्ष्य एकच धरलं आहे, थंडीत वाढणारे स्यूडोमोनास नावाचे जिवाणू. फ्रिजमधल्या पनीरवर चिकट थर, कडवट चव आणि कधी पिवळट-हिरवी झाक आणणारे हेच. दही, चक्का किंवा कच्च्या दुधाला हा क्रम जसाच्या तसा लावू नका.

टप्पा १. विक्रीचा प्रश्न आधी मिटवा

फेज वापरलेलं पनीर थेट बाजारात नेता येत नाही. एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) अनिर्दिष्ट अन्न व अन्नघटकांच्या मंजुरीसाठी २०१७ ची नियमावली आहे. नवा प्रक्रिया-सहायक पदार्थ तिच्यात येतो आणि त्याला वापरापूर्वी मंजुरी लागते. "अमेरिकेत चालतं" हे उत्तर इथे उपयोगाचं नाही. तिथे २००६ मध्ये तयार मांसपदार्थांवर वापरायला जे फेज-मिश्रण मंजूर झालं, ते लिस्टेरिया या रोगजंतूविरुद्धचं होतं. तुमच्या नालीतून काढलेल्या स्यूडोमोनास-फेजला त्याचा आधार मिळत नाही.

म्हणून खाली जे काही आहे ते चाचणीपुरतं आहे. चाचणीचं पनीर वेगळ्या रंगाच्या क्रेटमध्ये, "विक्रीसाठी नाही, खाण्यासाठी नाही" अशा चिठ्ठीसह आणि शक्यतो वेगळ्या फ्रिजमध्ये ठेवा. काम झालं की ते उकळून नष्ट करा. कामगारांना घरी द्यायचं नाही, गोठ्यावर पाठवायचं नाही. लग्नसराईत कोल्ड रूम भरलेली असताना चाचणी करू नका. घाईत क्रेट बदलतात.

टप्पा २. पनीर कोण नासवतंय ते नक्की करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा, आणि लोक नेमका हाच टप्पा गाळतात.

आधी नाक आणि डोळे वापरा. पाकीट फुगलं असेल तर संशय यीस्ट किंवा कोलिफॉर्म जिवाणूंवर. काळे-हिरवे केसाळ ठिपके म्हणजे बुरशी. नुसता आंबटपणा वाढला असेल तर लॅक्टिक जिवाणू. पृष्ठभागावर बुळबुळीत थर, कडवटपणा, खवट किंवा सडक्या फळासारखा गोडसर वास आला तर स्यूडोमोनासवर संशय घ्या. पण संशयावरून फेज मागवू नका.

तीन वेगवेगळ्या दिवसांच्या बॅचमधली, नुकतीच बिघडू लागलेली पाकिटं घ्या. पार सडलेली नकोत, त्यांत शेवटी उरलेला जंतू दिसतो, सुरुवात करणारा नाही. वरचा पातळ काप आणि आतला गर वेगवेगळा तोला. प्रत्येकी १० ग्रॅम नमुना ९० मिली निर्जंतुक द्रावणात घोटा, पातळ करत जा आणि तीन प्रकारच्या प्लेट (जंतू वाढवायच्या अगार-जेलीच्या ताटल्या) लावा: सीएफसी अगार (स्यूडोमोनाससाठी, २५ अंश सेल्सिअस, ४८ तास), कोलिफॉर्मची प्लेट आणि यीस्ट-बुरशीची प्लेट. वरच्या कापात संख्या खूप आणि आतल्या गरात नगण्य आली, तर दूषितता बाहेरून, पनीर तयार झाल्यावर आली आहे. फेजसाठी हीच सोयीची परिस्थिती.

सीएफसी प्लेटवरच्या वेगवेगळ्या दिसणाऱ्या पंधरा-वीस कॉलनी (जंतूंचे सुटे ठिपके) उचला. ऑक्सिडेज चाचणी करा, ती होकारार्थी यायला हवी. किंग्ज बी अगारवर वाढवून अतिनील दिव्याखाली चमक पाहा. मग प्रत्येक वाण ४२ अंशांवर ठेवा. तिथे जो जोमाने वाढतो तो स्यूडोमोनास एरुजिनोसा असू शकतो, म्हणजे माणसाला त्रास देणारा जंतू. तो या कामातून बाद करा आणि तुमच्या पाण्यात तो कुठून आला याचा वेगळा शोध घ्या. उरलेल्यांपैकी पाच-सहांची जनुकीय ओळख पटवून घ्या. पुण्यात असल्याचा फायदा असा, की राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं सूक्ष्मजीव संग्रहालय आणि पाषाणला एनसीएलमधलं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं) एनसीआयएम हे सूक्ष्मजीव संग्रहालय, हे दोन्ही शहरातच आहेत. ओळख पटवून घ्यायला किंवा तुलनेसाठी माहितीचा वाण आणायला लांब जावं लागत नाही.

सगळे वाण २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे तापमानाला जपून ठेवा. पुढचा प्रत्येक टप्पा यांच्यावरच उभा आहे.

तपासा: बिघडलेल्या पाकिटांवरच्या एकूण संख्येत स्यूडोमोनासचा वाटा मोठा आहे का? नसेल तर इथेच थांबा. यीस्ट किंवा बुरशीला फेज हातही लावत नाहीत.

सावधान: पनीर कडवट आहे, पण प्लेटवर जंतू फारसे नाहीत, असंही होतं. मग दोष कच्च्या दुधाचा धरा. दूध बल्क कूलरमध्ये दोन-दोन दिवस पडून राहिलं की स्यूडोमोनास त्यात प्रथिनं आणि स्निग्धांश तोडणारी विकरं (एन्झाइम) सोडतात. पाश्चरायझेशनमध्ये जंतू मरतात, विकरं टिकतात. यूएचटीच्या (अतिउच्च तापमानाच्या प्रक्रियेच्या) तापमानातूनही काही शिल्लक राहतात. अशा पनीरवर कितीही फेज फवारले तरी कडवटपणा जाणार नाही. दूध लवकर उचला, संकलन केंद्रावरच थंड करा. तिथे हाच उपाय.

टप्पा ३. सफाई करा आणि पुन्हा मोजा

पनीरचं दूध ९० अंशांच्या आसपास तापवलेलं असतं. त्यातून स्यूडोमोनास जिवंत निघत नाही. मग तो येतो कुठून? बहुतेक वेळा चिलिंग टाकीच्या पाण्यातून. पनीरच्या लाद्या त्या गार पाण्यात दोन-तीन तास बुडालेल्या असतात, आणि बऱ्याच ठिकाणी तेच पाणी दुसऱ्या-तिसऱ्या बॅचलाही चालवतात. त्यानंतर संशय घ्यायचा तो मलमलीच्या कापडावर, साच्यांच्या भोकांवर, प्रेसच्या फळ्यांवर, कापायच्या टेबलाच्या सांध्यावर आणि टाकीच्या रबरी गॅस्केटवर.

या प्रत्येक ठिकाणचा स्वॅब घ्या. टाकीचं पाणी दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासा. कापडं रोज उकळा आणि पूर्ण वाळवा. गॅस्केट काढून बघा, आत बोटाला बुळबुळीत लागलं तर तो जंतूंचा थर आहे. असा जुना थर फेजने निघत नाही. वरचे चार जंतू मरतात, खालचे सुरक्षित राहतात. ब्रश, गरम कॉस्टिक, आम्ल, मग सॅनिटायझर, या नेहमीच्या मार्गानेच तो काढायचा.

पाकीट कोणतं वापरता तेही बघा. स्यूडोमोनासला हवा लागते. नीट व्हॅक्यूम केलेल्या पाकिटात तो फार वाढत नाही. तुमची तक्रार मुख्यतः सुट्या पनीरची किंवा साध्या पिशवीतल्या पनीरची असेल, तर पॅकिंग बदलणं स्वस्त पडू शकतं.

सफाईनंतर दोन आठवडे नेहमीसारखं उत्पादन करा आणि टप्पा २ मधली मोजणी पुन्हा करा. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं, आणि तसं झालं तर फेजवर एक रुपयाही घालवू नका. टिकाऊपणा अजूनही कमी पडत असेल, आणि उरलेला जंतू स्यूडोमोनासच असेल, तरच पुढे जा.

टप्पा ४. फेजचं काम कुठे करायचं

डेअरीच्या आत नको. गुढीपाडवा-दसऱ्याला चक्का-श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकाला विरजणावर फेज आला की काय होतं हे माहीत असतं: दही लागतच नाही. स्यूडोमोनासचे फेज विरजणातल्या लॅक्टोकॉकस जिवाणूवर वाढत नाहीत, ते खरं. पण नाली किंवा सांडपाण्यातून फेज शोधताना एका फ्लास्कमध्ये हजार प्रकारचे फेज असतात आणि त्यांत विरजणाचे शत्रूही असू शकतात. शोध, शुद्धीकरण आणि वाढवण्याचं काम बाहेरच्या लॅबमध्येच ठेवा. डेअरीत फक्त शुद्ध केलेला, मोजलेला साठा यावा. तोही चक्क्याच्या विभागाकडे फिरकू नये. लॅबमध्ये घातलेला एप्रन घालून कुणी प्लँटमध्ये येणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

तपासा: निवडलेला प्रत्येक फेज तुमच्या विरजणाच्या प्रत्येक वाणावर टाकून पाहा. एकही प्लाक (फेजने जंतू मारल्याचा स्वच्छ ठिपका) दिसला तर तो फेज बाद.

टप्पा ५. फेज शोधणे आणि निवडणे

जिथे जंतू तिथे त्याचा फेज. चिलिंग टाकीची नाली, ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत) येणारं सांडपाणी, गोठ्याचं धुवण, यांतून नमुने घ्या. नमुना गाळून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा, दुप्पट तीव्रतेच्या ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या द्रवात) समभाग मिसळा, त्यात तुमच्या वाणांपैकी तीन-चार घाला आणि थोडं कॅल्शियम क्लोराईड द्या. एक फ्लास्क २५ अंशांवर, दुसरा १० अंशांवर ठेवा. दुसरा फ्लास्क कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक सोडून देतात. पण पनीर फ्रिजमध्ये राहणार आहे. २५ अंशांवर झपाट्याने मारणारा फेज ५ अंशांवर ढिम्म बसून राहू शकतो.

मग दुहेरी अगारची पद्धत. खाली १.५ टक्के अगारचा थर. वर ०.५ टक्के मऊ अगार, ४५ ते ४८ अंशांवर पातळ ठेवलेला. त्यात ताजा जंतू आणि फेजचा पातळ केलेला नमुना मिसळून लगेच ओतायचा. दुसऱ्या दिवशी जंतूंच्या गालिच्यावर स्वच्छ गोल ठिपके दिसतील, तेच प्लाक. एक सुटा प्लाक टोचून घ्या, पुन्हा पसरा, पुन्हा टोचा. असं सलग तीन वेळा, म्हणजे एकाच प्रकारचा फेज हाती राहतो.

निवडताना हे बघा:

प्लाक काचेसारखे स्वच्छ हवेत. धूसर प्लाक देणारे फेज बहुधा जंतूच्या जनुकात लपून बसणारे असतात. ते मारत नाहीत, उलट जंतूला इतर फेजपासून वाचवू शकतात.

जपून ठेवलेल्या वाणांपैकी किती मरतात, ते पाहा. इथे एक फसवणूक होते. घट्ट बसलेल्या अगारवरच्या गालिच्यावर फेजचा थेंब टाकला आणि स्वच्छ डाग पडला, म्हणजे फेज वाढला असं नाही. फार दाट द्रावणाने किंवा जंतूंनीच सोडलेल्या मारक प्रथिनांनीही तसा डाग पडतो. तोच थेंब दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करत टाका. सुटे प्लाक दिसले तरच तो वाण "मरतो" असं लिहा.

शेवटी पूर्ण जनुकक्रम काढून घ्या. लपून बसण्याची जनुकं, विषारी द्रव्यांची जनुकं, प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुकं, यांपैकी काहीही सापडलं तर फेज कितीही चांगला मारत असला तरी टाकून द्या. मंजुरीच्या अर्जात हे विचारलं जाणारच.

एकच फेज घेऊन चाचणीला उतरू नका. जंतूच्या वेगवेगळ्या जागी चिकटणारे किमान तीन फेज एकत्र वापरा. एकाला जंतू दाद देईनासा झाला की बाकीचे असतात. तिन्ही फेज एकाच कुळातले असतील तर मात्र तीन असून एकच.

टप्पा ६. साठा वाढवा आणि स्वच्छ करा

बेत बरोबर असूनही पनीर लवकर बिघडतं, ते बहुधा या टप्प्यावर. फेज वाढवायला स्यूडोमोनास लागतो. तो जंतू फुटला की फेजबरोबर त्याची विकरंही द्रवात येतात, म्हणजे टप्पा २ मध्ये सांगितलेलीच, उष्णतेलाही न जुमानणारी. नुसता गाळलेला द्रव पनीरवर मारलात तर जंतू मरतील आणि तुम्हीच फवारलेली विकरं पनीर कडवट करतील. शिवाय मेलेल्या जंतूंच्या भिंतींचे विषारी तुकडे असतात ते वेगळेच.

क्रम असा ठेवा. सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) मोठे तुकडे खाली बसवा. ०.२२ मायक्रॉनमधून गाळा. मग १०० किलोडाल्टनच्या पडद्यावर धुऊन घ्या. फेज वर अडकतात, विकरं त्यापेक्षा लहान असल्याने खाली निघून जातात. पडद्याची सोय नसेल तर सोडियम क्लोराईड आणि १० टक्के पीईजी ८००० (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) घालून रात्रभर थंडीत ठेवा, खाली बसलेले फेज घ्या आणि मीठ-मॅग्नेशियमच्या स्वच्छ बफरमध्ये विरघळवा. जंतू मारण्यासाठी काही लॅब क्लोरोफॉर्म वापरतात. अन्नाला लागणार असलेल्या साठ्यात तो नको.

तपासा, दोन गोष्टी. एक, साठ्याचा १ मिली ब्रॉथमध्ये टाकून दोन दिवस ठेवा, काहीही वाढता कामा नये. दोन, स्किम मिल्क अगारमध्ये छोटी विहीर करून त्यात साठा भरा आणि ३० अंशांवर दिवसभर ठेवा. भोवती पारदर्शक वलय आलं तर विकरं शिल्लक आहेत, पुन्हा धुवा.

साठा ४ अंशांवर, अंधारात ठेवा. डीप फ्रीजरमध्ये तसाच टाकू नका, गोठताना फेजांची संख्या कोसळते. आणि प्रत्येक वापराच्या दिवशी, हो, प्रत्येक, दुहेरी अगारवर संख्या मोजा. ३० ते ३०० प्लाक असलेलीच प्लेट धरा. उदाहरणार्थ, साठा एक कोटीपट पातळ करून त्यातलं ०.१ मिली टाकलं आणि १२० प्लाक आले, तर मूळ साठ्यात दर मिलीला १,२०० कोटी फेज आहेत.

टप्पा ७. मात्रा ठरवा

इथली चूक हिशेबाची आहे, आणि ती चांगले शिकलेले लोक करतात. "दर चौरस सेंटिमीटरला १०० जंतू, एका जंतूला १०० फेज, म्हणजे १०,००० फेज पुरे." कागदावर बरोबर. पण फेजला हातपाय नाहीत, तो जंतूपर्यंत पोहत जात नाही. दोघांची टक्कर योगायोगाने होते, आणि ती किती लवकर होईल हे जंतूंच्या नव्हे, फेजांच्या दाटपणावर ठरतं. चिकटण्याचा नेहमीचा वेग धरला तर दर मिलीला १० लाख फेज असताना ९० टक्के जंतूंना गाठायला साधारण दीड दिवस जातो. दर मिलीला १० कोटी असतील तर वीस-पंचवीस मिनिटं. थंडीत दोन्ही वेळा आणखी लांबतात. जंतू कमी आहेत म्हणून फेज कमी, हा व्यवहार चालत नाही.

पनीरसाठी सुरुवात दर चौरस सेंटिमीटरला १ कोटी फेजपासून करा. हिशेब असा: २०० ग्रॅमची वडी, १० × ६.५ × ३ सेंटिमीटर, सहाही बाजू मिळून सुमारे २३० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर वडीला २३० कोटी फेज. फवारणीचं द्रावण दर मिलीला १०० कोटींचं केलं तर एका वडीला २.३ मिली लागेल. १०० किलो पनीर म्हणजे ५०० वड्या, उडणारं-सांडणारं धरून दीड लिटर द्रावण. वरच्या उदाहरणातला १,२०० कोटींचा साठा बारापट पातळ करायचा, म्हणजे मूळ साठा लागला १२५ मिली.

आता हाच हिशेब चिलिंग टाकीसाठी करून पाहा. ५०० लिटर पाण्यात दर मिलीला १० कोटी ठेवायचे तर तोच साठा चार लिटरहून अधिक लागेल. शिवाय टाकीत फेज आणि जंतू तासन्तास एकत्र राहतात आणि दाद न देणारे जंतू तिथेच निवडले जातात. टाकी स्वच्छ ठेवायचं काम सफाईचं. फेज फवाऱ्यानेच द्या.

टप्पा ८. फवारणी

१. पाणी तपासा. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि ते फेजलाही मारतं. गुरुवारी पाणी बंद असलं की टँकर येतो, त्यात क्लोरीन किती असेल सांगता येत नाही, शुक्रवारी नळाचा अंदाज पुन्हा वेगळा. द्रावणासाठी क्लोरीनची पट्टी शून्य दाखवेल असंच पाणी घ्या. निव्वळ आरओचं पाणीही बरं नाही. त्यात क्षार नसतात आणि बऱ्याच फेजांना चिकटायला कॅल्शियम लागतं. आरओच्या पाण्यात मीठ आणि किंचित कॅल्शियम क्लोराईड घालून द्रावण करा.

२. टेबल आणि फवारा पेरॅसेटिक आम्लाने निर्जंतुक केला असेल तर नंतर निर्जंतुक पाण्याने धुवा आणि पट्टीने खात्री करा. सॅनिटायझरचा ओला थर फेजांचा साठा मिनिटांत संपवतो.

३. पनीर टाकीतून काढल्यावर जाळीवर निथळू द्या. पाणी ठिबकत असताना फवारलं तर फेज त्याच पाण्याबरोबर नालीत जातात.

४. आधी कापा, मग फवारा. उलट केलं तर कापलेल्या नव्या बाजू कोऱ्या राहतात, आणि सुरीवरचा जंतू नेमका त्यांनाच लागतो.

५. सहाही बाजूंना फवारा. वडी उलटवण्याचा कंटाळा केला की खालची बाजू आधी बुळबुळीत होते.

६. दहा-पंधरा मिनिटं थंड जागेत थांबा, मग पाकीट बंद करा. खिडकीतल्या उन्हात ठेवू नका.

तपासा: नोझलमधून बाहेर पडलेलं द्रावण निर्जंतुक बाटलीत धरून त्यातले फेज मोजा. बाटलीतल्या आकड्यापेक्षा बाहेरचा आकडा फार कमी असेल तर नोझल, पाणी किंवा फवाऱ्यातलं उरलेलं सॅनिटायझर यांपैकी कुणीतरी फेज खातंय.

टप्पा ९. तुलना आणि मोजणी

नुसत्या "फवारलेलं" आणि "न फवारलेलं" पनीराच्या तुलनेत अर्थ नाही. तीन गट करा: काहीच न लावलेलं, तेच द्रावण, पण फेजशिवाय, आणि फेजसह. मधला गट नसेल तर फरक फेजचा की नुसत्या मिठाच्या पाण्याचा, हे कळणार नाही. दर गटातली तीन पाकिटं दिवस ०, १, ३, ५, ७ आणि ९ ला उघडा. म्हणजे एका बॅचला ५४ पाकिटं, जवळजवळ ११ किलो पनीर. एवढंच पनीर १० ते १२ अंशांवरही ठेवा, कारण मे महिन्यात दुकानाचा फ्रिज दिवसभर उघडझाप होत असताना ४ अंश दाखवत नाही. सगळं वेगवेगळ्या दिवसांच्या किमान तीन बॅचवर करा.

पाकिटांवर फक्त कोड लिहा. वास, रंग, चिकटपणा तपासणाऱ्याला गट माहीत नको. चव घ्यायची नाही, हे पनीर खाण्यासाठी नाही.

मोजणीतला सापळा: पनीर घोटताना फेज आणि जंतू पुन्हा एकत्र येतात आणि मारामारी पिशवीत, मग प्लेटवर चालूच राहते. मग प्लेट सांगते की जंतू नाहीत, आणि पनीर मात्र सातव्या दिवशी चिकट असतं. घोटलेला नमुना लगेच थंड करा, सेंट्रिफ्यूज करून जंतू खाली बसवा, वरचा फेजांचा द्रव ओतून टाका, दोनदा धुवा आणि मगच प्लेट लावा. ही युक्ती पुरते का हे पाहायला, साध्या पनीरच्या पिशवीत माहितीच्या संख्येचे जंतू आणि फेज घोटण्याच्या क्षणी घाला. मोजणीत तेवढेच जंतू परत आले पाहिजेत.

यश म्हणजे काय, हे पहिली वडी फवारण्याआधी वहीत लिहा. माझा निकष असा: सातव्या दिवशी फेज-गटातले स्यूडोमोनास मधल्या गटाच्या एक-दशांशाहून कमी आणि चिकटपणा किमान दोन दिवस उशिरा. पहिल्याच दिवशी संख्या घटली म्हणून आनंद नको. थंडीत सुरुवातीचा फटका मोठा असतो, उरलेले जंतू मग सावकाश वर येतात. आणि यीस्ट-बुरशीच्या प्लेटही शेवटपर्यंत लावत राहा. स्यूडोमोनासने सोडलेली जागा दुसऱ्या कुणी घेतली, तर ग्राहकाच्या दृष्टीने काहीच बदललं नाही.

टप्पा १०. चाचणी चांगली आली तर

मंजुरीसाठी लागणारे कागद आतापर्यंत तयार झालेले असतात: जंतूंची ओळख, फेजांचे जनुकक्रम, साठ्याची शुद्धता, मात्रा, तीन बॅचचे निकाल, अपयशी प्लेटसुद्धा. त्या फाईलसह एफएसएसएआयकडे अर्ज करा. तोवर उत्पादनात फेज नाहीत.

या मधल्या काळात एक काम चालू ठेवा. दर महिन्याला टाकी, कापड आणि परत आलेल्या पाकिटांतून दहा नवे स्यूडोमोनास वेगळे करा आणि तुमच्या फेज-मिश्रणावर ५ अंशांवर तपासा. दोनपेक्षा जास्त वाण दाद देत नसतील तर त्यांच्यावर नवा फेज शोधायला टप्पा ५ पासून सुरुवात करा. जुने वाण आणि जुने फेज फेकू नका. मिश्रण बदललं की जनुकक्रमापासून पनीरवरच्या चाचणीपर्यंत सगळं त्या नव्या मिश्रणासाठी पुन्हा करावं लागतं, आणि अर्जातली माहितीही बदलावी लागते.